काळजाला उशिरा कळतं

मरोळ नाक्यावर परवा एका रिक्षावाल्याशी माझं जोरदार वाजलं. मी बसले, पिशवी आत ओढली आणि हा म्हणतो, "नजदीक का नहीं जाएगा, उतरो." मी उतरले, पण त्याला असा झापला की पानवाला टपरीतून बाहेर येऊन बघायला लागला. आवाज चढलेला, हात नाचतायत, तोंड तांबडंलाल. आणि छातीत? छातीत सगळं शांत. काळीज आपलं त्याच्या चालीने चाललंय, जशी काही मी देवळात बसलेय.

घरी आले, चहाचं आधण ठेवलं, आलं किसलं. राग विसरूनसुद्धा गेले होते. आणि तेव्हा धडधड सुरू झाली. तो मेला रिक्षावाला एव्हाना साकीनाका ओलांडून गेला असेल, आणि माझं काळीज आत्ता कुठे बाह्या सरसावत होतं. मी किसणी हातात धरून एकटीच हसत सुटले. अक्षता, माझी मुलगी, आतून ओरडली, "आई, काय झालं? बरं वाटतंय ना?" आमच्या घरात मी हसले तरी हाच प्रश्न येतो.

मी मालन परब. तीन वर्षांपूर्वी माझं काळीज बदललं. आधीचं फुगून सैल पडलं होतं, ओल्या पोत्यासारखं. बाथरूमपर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागायची. मग एके दिवशी फोन आला. कुणाचं तरी काळीज मला मिळत होतं. तरुण मुलगा होता, एवढंच सांगितलं. नाव, गाव काही सांगत नाहीत. मी रोज सकाळी देवासमोर हात जोडते तेव्हा पहिला नमस्कार त्याला करते, मग गणपतीला. गणपती समजून घेईल.

तर हे काळीज बसवताना मोठ्या रक्तवाहिन्या जोडतात, पण नसा जोडता येत नाहीत. डॉक्टर चंद्रप्रकाश यांनी आम्हाला हे समजावलं तेव्हा माझे यजमान, काशीराम परब, शेजारी बसले होते. माणसाचं काळीज ठोका स्वतःच टाकतं म्हणे, त्याच्या वरच्या अंगाला एक छोटीशी जागा आहे ती ठिणगी टाकत राहते. पण सावकाश चाल की जोरात पळ, हे सांगायला मेंदूकडून दोन नसा येतात. एक आवरणारी, दुसरी पळवणारी. यजमानांनी मरोळ डेपोतून आयुष्यभर बस चालवली. ते लगेच म्हणाले, "म्हणजे एक ब्रेकची आणि एक अ‍ॅक्सिलरेटरची. आणि हिच्या दोन्ही तुटल्या?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

ब्रेक नाही, म्हणून मी नुसती बसलेली असले तरी माझी नाडी नव्वदच्या पुढे. आणि अ‍ॅक्सिलरेटर नाही, म्हणून मी जिना चढायला लागले तर काळजाला पत्ताच नसतो. मग त्याला कळतं कसं? तर आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. मेहनत पडली, भीती वाटली, राग आला, की त्या रक्तात एक रस सोडतात. तो रस वाहत वाहत काळजापर्यंत पोचला की मग ते पळायला लागतं. तोवर मी तिसऱ्या मजल्यावर. आणि मी थांबले तरी तो रस उतरेपर्यंत ते पळतच राहतं. "कुछ भी अचानक मत करना," डॉक्टरांनी सांगितलं. अचानक सुरू करायचं नाही आणि अचानक थांबायचंही नाही. बाकी सगळं करायचं.

यजमानांनी यातलं पहिलं अर्धं लक्षात ठेवलं. बाकी सगळं करायचं, हे कोणाच्याच कानात शिरलं नाही.

घरात मी लोणच्याची बरणी झाले. हलवायची नाही, ओला हात लावायचा नाही. मी पाण्याची कळशी उचलली की यजमान धावत येणार. मी जिन्यात दिसले की खालच्या मजल्यावरची बाई "अगं बाई, तुम्ही कशाला?" म्हणणार. आणि सगळ्यांचं एक पालुपद ठरलेलं, "दुसऱ्याचं आहे गं, जपून वापर." अरे, काय उसनं आणलेलं पातेलं आहे का, घासून परत द्यायला? त्या मुलाच्या आईने छातीवर दगड ठेवून ते दिलं, ते काय मी खुर्चीत बसून राहावं म्हणून?

आता फुगडीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं सिंधुदुर्गातली. कुडाळ, कणकवली, देवगड. गौरी आल्या की आम्हा बायकांचा फुगडीचा संच उभा राहतो. आधी आमच्या मंडळासमोर, मग आजूबाजूच्या बिल्डिंगांत बोलावतील तिथे. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्यात आहे. आमची म्होरकी जयंती. तिचा आवाज असा, की माइक बंद पडला तरी कोणाला कळत नाही. आधी गणपतीचं गाणं, मग गौरीचं, मग सासर-माहेराची. बायका गोल फेर धरतात, वाकतात, टाळी देतात, पाय आपटतात. आधी संथ, मग चाल वाढत जाते. आणि शेवटी जोड्या सुटतात आणि गरगरा फुगडी. ती शेवटची फुगडी म्हणजे माझा प्रांत होता. माझ्याबरोबर घालायला तरण्या पोरी घाबरायच्या.

तीन गौरी मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या. चौथ्या वर्षी म्हटलं, बस झालं. जयंतीला सांगितलं, "यंदा मी फेरात आहे."

जयंती गप्प झाली. जयंती गप्प झाली म्हणजे ती यजमानांना विचारून येणार हे नक्की. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "ह्या बघ मालन, मधलो मार्ग काढलंय. पयली गाणी आमी म्हणतंव, तू आपली खुर्चेर बस. इतक्या वेळ वाकून, पाय आपटून तू दमतलंस. शेवटच्या फुगडेक तेवढी उठ. पाच मिनटां. तुझी पण हौस फिटात, आमचो पण जीव खाली पडात."

मला बरं वाटलं, खरं सांगते. मला वाटलं, केवढा विचार केला हिने माझा. मीच मूर्ख.

रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम होती. सगळ्या फेर धरून नाचल्या, घामाघूम झाल्या. मी खुर्चीत आरामात बसले होते, पंख्याखाली. मग जयंतीने हाक मारली, "उठ गो आता!" मी पदर खोचला, अक्षताचे हात धरले आणि घातली फुगडी. पहिले तीन-चार गरके काय झाले माहीत नाही, मजाच आली. मग पायातला जोर कोणी काढून घ्यावा तसं झालं. डोळ्यांसमोर काळोख. अक्षताचे हात सुटले आणि मी फरशीवर.

शुद्ध गेली नव्हती. सगळं ऐकू येत होतं. कोणी पाणी आणतंय, कोणी कांदा हुंगवतंय, अक्षता रडतेय. आणि जयंती डोक्याला हात लावून, "वाट लागली! आता काशीरामाक मी काय तोंड दाखवू?" यजमान डेपोच्या मित्रांकडे गेले होते, ते धावत आले. घरी आणून निजवलं आणि दार लावताना जयंतीला म्हणाले, "संपलं. पुन्हा तिला बोलवायचं नाही." माझ्या फुगडीचा निकाल माझ्याच घराच्या दारात लागला आणि मी आत पलंगावर पडून तो ऐकला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. सगळ्या तपासण्या झाल्या. काळीज ठणठणीत. डॉक्टरांनी विचारलं, "कर क्या रही थी आप?"

"फुगडी."

"वो क्या होता है?"

आता फुगडी काय तोंडाने सांगायची गोष्ट आहे? तिथे एक मराठी नर्स होती, चिपळूणची. मी तिला म्हटलं, "चल गं, ये इकडे." ती बिचारी डॉक्टरांकडे बघायला लागली. डॉक्टर म्हणाले, "धीरे से दिखाइए." आम्ही हात गुंफले, पाय जुळवले, मागे झुकलो आणि तपासणीच्या टेबलाशेजारी दोन गरके मारले. यजमान "अगं अगं" करत मध्ये पडले. डॉक्टरांचे डोळे मोठे झाले. "ये तो पूरा स्प्रिंट है!"

मग त्यांनी विचारलं, फुगडीच्या आधी मी काय करत होते. मी म्हटलं, बसले होते, बाकीच्या गाण्यांवर फेर धरून नाचत होत्या.

"कितनी देर?"

"अर्धा तास तरी."

"धीरे धीरे शुरू करके, बढ़ाते हुए?"

"हो."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकून हसले. म्हणाले, तुम्हाला जो भाग हवा होता तोच काढून घेतला की तुमचा. तो संथ फेर म्हणजेच तर काळजाला पाठवलेला निरोप. तो पोचून काळीज वेगात आलं, की मग खुशाल गरगरा फिरा. बसल्या जागेवरून उठून एकदम फिरलात तर पाय रक्त मागणार आणि काळीज आपलं आरामात. मग डोक्याला काय उरणार? चक्कर येणारच. अर्धा तास फेर धरला असता तर पडल्या नसता. आणि फुगडीनंतरही एकदम बसू नका, चालत राहा. गर्दीत मास्क लावा. जरा जरी गरगरलं तर थांबा. जा, नाचा.

आमच्या आज्या-पणज्यांनी फेर आधी संथ ठेवला तो काय माझ्यासाठी नव्हता, पण माझ्याइतकी त्याची गरज दुसऱ्या कोणाला असेल? आणि माझ्या मायेच्या माणसांनी, माझ्या काळजीपोटी, नेमका तोच माझ्यापासून काढून घेतला होता.

बाहेर पडल्यावर यजमान रिक्षात काय म्हणाले? "ऐकलंस ना, स्प्रिंट आहे म्हणाले."

"आणि पुढचं?"

"पुढचं काय पुढचं?"

मी त्यांना सगळं परत सांगितलं. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाड्या तुंबल्या होत्या, वेळ भरपूर होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "डॉक्टरला काय, तो आज इथे, उद्या दुसरीकडे. ज्या रात्री तुला ऑपरेशनला आत नेलं त्या रात्री बाहेर बाकावर मी बसलो होतो, तो नव्हता." मला राग आला, आणि तो माझ्या काळजाला घरी पोचल्यावर कळला.

जयंतीकडे गेले. तिला नसा, रस, सगळं समजावलं. ती भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "माका ह्यातला काय्येक कळना नाय. माका एवढा कळता, की तू माझ्या डोळ्यांसमोर पडलंस. तुका काय झाला असता तर गौरीसमोर जन्मात माझ्या तोंडातून गाणा येवचा नाय. नको गो बाय. तुझ्या पाया पडतंय."

"आणि मी खुर्चीत बसून बसून मेले तर चालेल?"

"अशी बोलू नको."

"तर कशी बोलू? जयंती, मला मरायची भीती होती तेव्हा मी भिंत धरून चालत होते. आता चालता येतंय तर तुम्ही सगळे भिंत होऊन उभे राहिलात." बोलले आणि रडायलाच आलं. तीही रडली. पण नाही म्हणाली ती नाहीच म्हणाली.

गौरीपूजनाच्या संध्याकाळी पटांगणात मंडप भरला होता. लाइटिंग, स्पीकर, भजीचा वास. माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलेली, वर उशीसुद्धा. मी नववारी नेसले, नथ घातली, वरून मास्क. नथ मास्कखाली टोचत होती, पण म्हटलं राहू दे. यजमानांनी मला खुर्चीत बसवलं आणि प्रसादाच्या टेबलाकडे गेले.

जयंतीने गणपतीचं गाणं उचललं आणि मी उठले. मंडपाच्या मागे, जिथे जनरेटर आणि रिकाम्या क्रेट ठेवतात, तिथे गेले. पडद्यापलीकडे त्या फेर धरून वाकत होत्या, अलीकडे मी एकटीच. एक पाऊल पुढे, टाळी, एक पाऊल मागे. जनरेटरवाला मुसलमान चाचा विडी विझवून बाजूला सरकला आणि म्हणाला, "आराम से, बहन." मी म्हटलं, "आराम से ही चालू है, चाचा."

गौरीचं गाणं आलं. मी वाकून पाय आपटायला लागले. छातीत अजून काही नाही. मी मनात त्या मुलाला म्हटलं, बाबा, ऐकतोयस ना, आपल्याला आज फुगडी घालायचीय, तयार हो. मग चाल वाढली, सासरच्या गाण्याला टाळ्या दुप्पट झाल्या, आणि तेव्हा मला जाणवलं. आधी मानेत, मग कानांत. धप धप धप. निरोप पोचला होता. अंगाला घाम सुटला, पाय हलके झाले. तीन वर्षांत मला एवढं जिवंत वाटलं नव्हतं, अगदी शपथेवर सांगते.

पडदा बाजूला करून मी थेट फेरात शिरले. अक्षताने मला बघितलं. तिचं तोंड उघडं पडलं, पण पोरगी माझी आहे, शेजारणीचा हात सोडून तिने मला जागा करून दिली. आमच्याकडे गौरीसमोर उचललेलं गाणं कोणासाठी मध्येच तोडत नाहीत. जयंती गाता गाता डोळ्यांनी मला दटावत होती आणि मी गाता गाता मान हलवून नाही म्हणत होते.

गाणं संपलं, जोड्या सुटायची वेळ आली. मी सरळ जयंतीसमोर उभी राहिले आणि हात पुढे केले. देवीसमोर पुढे आलेले हात नाकारायचे नाहीत, हे तिनेच नव्या सुनांना शिकवलेलं. तिने एकदा खुर्च्यांकडे, एकदा गौरीकडे बघितलं. मग माझे हात असे आवळले की बांगड्या रुतल्या.

"गरगरला तर सांग गो, तुका शपथ हा."

"तूच सांग."

आणि आम्ही फिरलो. मंडप फिरला, लाइटी फिरल्या, उशी ठेवलेली ती मेली खुर्ची फिरली. काळोख कुठे नाही. काळीज माझ्याबरोबर पळत होतं, मागे नाही, पुढे नाही, बरोबर. जयंतीच धापा टाकायला लागली. "पुरे गो, पुरे, मरान मी!" तिला सोडली, अक्षताला धरली. तिला दमवली. बायका ओरडत होत्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तेवढ्यात यजमान बायकांच्या फेरात घुसले. पन्नास माणसांसमोर माझा दंड धरला. चेहरा पांढराफटक. "चल घरी."

"नाही."

लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना चारचौघांत असं तोडून बोलले नव्हते. स्पीकरवाल्यानेसुद्धा आवाज कमी केला.

"मालन, तू पडलीस तर मी काय करू?" हा माणूस बाकावर एकटा कसा बसला असेल त्या रात्री, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"पडले तर उचला. कितीही वेळा उचला. पण पडायच्या आधीच मला आडवी करू नका हो."

मी जागच्या जागी पावलं टाकतच होते, थांबायचं नव्हतं म्हणून. त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. बराच वेळ ते पायच बघत होते. बाजूला दोघी-तिघींनी खुर्ची ओढत आणली होती, "बसा, बसा आता" करत. यजमानांनी पायाने ती खुर्ची मागे सारली आणि जयंतीवर ओरडले, "उभी काय राहिलीस? पुढचं गाणं उचल. सावकाश घे, आणि हिला मध्येच थांबवू नकोस."